ज्याने बनवला, त्याने बोलायचं

कारखान्यात ताईंना तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे समन्स. “आलं रे समन्स,” असं कुणी पुटपुटलं की असेंब्लीतल्या सगळ्यांच्या माना आपोआप खाली जायच्या. ज्याला न्यायचं असेल त्याच्या बाकाशी जाऊन ताई उभ्या राहायच्या आणि एवढंच म्हणायच्या, “चला.” तो गडी स्क्रूड्रायव्हर ठेवायचा, चिंधीला हात पुसायचा आणि परीक्षेला निघाल्यासारखा त्यांच्या मागून चालू लागायचा. बाकीचे हसायचे, पण बेतानंच. उद्या आपली पाळी येणार नाही कशावरून?

हे समन्स कशाचं, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

कारखाना पंख्यांचा. थोरल्या साहेबांनी एका शेडमध्ये सुरू केलेला. सुरुवातीला ते स्वतःच पंखे बांधायचे आणि स्वतःच सायकलवर टाकून पोचवायचे. विकलेला पंखा बंद पडला की गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन म्हणायचे, “मी बनवला होता. माफ करा. काय झालं ते दाखवा.” पुढे माणसं वाढली, सायकल गेली, फोन आला, पण रिवाज तोच राहिला. प्रत्येक पंख्याच्या बुडाला बनवणाऱ्याचा नंबर ठोकलेला असायचा. तक्रार आली की ताई नंबर विचारायच्या, त्या माणसाला बोलावून आणायच्या आणि रिसीव्हर त्याच्या हातात द्यायच्या. ज्याने बनवला, त्याने बोलायचं. मग तोच पंखा परत मागवून त्याच माणसानं दुरुस्त करायचा. पगार कापायचा नाही, मेमो नाही, काही नाही. थोरले साहेब म्हणायचे, लाज वाटली ना, बस झालं.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी काम देतच नसत. त्याला फोनपाशी उभं करायचे आणि दुसऱ्या कुणाची तरी माफी ऐकवायचे. एक फिटर तर असा धसका घेऊन बसला होता की बोलावणं आल्याबरोबर धावत गेला, फोन घेतला आणि “मीच बनवला, माफ करा, माझंच चुकलं” असं एका दमात म्हणून मोकळा झाला. पलीकडचा माणूस बिचारा त्याच्या घरचा निरोप सांगायला बोलत होता. त्याचा सख्खा मेहुणाच होता तो. वर्षभर त्या फिटरची कुणी पाठ सोडली नाही.

ताई या नोकरीला लागल्या तेव्हा नुकतं लग्न झालं होतं. नवरा शिंपी. घरातच मशीन टाकून बसलेला, मोजकं बोलणारा माणूस. ताईंचा आवाज चांगला म्हणून फोनवर घेतलं आणि त्या तिथेच राहिल्या. गिऱ्हाइकं तापलेली असायची, ताई त्यांना आधी बोलू द्यायच्या. पाण्याला उकळी आली की झाकण दाबून चालत नाही, हे त्यांना न शिकवता कळलं होतं. तोवर तो बनवणारा येऊन पोचायचा, आणि खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त गिऱ्हाइकं तिथेच विरघळायची. दुकानदार हात झटकतो, कंपनी हात झटकते, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं. समोरून एक माणूस म्हणतोय की मी बनवला आणि माझं चुकलं, तर त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

या सगळ्यात वाइंडिंगवाले मामा वेगळे. मोटरला तार गुंडाळण्याच्या खात्यात ते होते. मामा कुणाचे, ते कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळ्यांचे मामा. त्यांना समन्स जवळजवळ कधी गेलंच नाही. एखाद्या वेळी गेलंच, तर मामा दोन दिवस जेवायला कुणाबरोबर बसायचे नाहीत. ताई त्यांना चिडवायच्या, अहो मामा, पंखाच बंद पडलाय, माणूस नाही. मामा म्हणायचे, “ताई, नाव आहे त्यावर माझं.” नाव कसलं, नंबर होता नुसता. पण मामांना तो नंबर म्हणजेच नाव.

आता धाकट्या साहेबांकडे येऊ. थोरले गेले आणि कारखाना मुलाकडे आला. लोक लगेच मुलाला नावं ठेवतात, मी ठेवणार नाही. पोरगा कष्टाळू होता, माणसांना धरून होता, आणि त्याचं गणित चुकीचं नव्हतं. पंखा विकतो उन्हाळ्यात. बाकीचा वेळ तो गोदामात झोपतो आणि बनवणारे बिड्या फुंकत बसतात. त्यात बाहेरून स्वस्त पंखे यायला लागले. धाकट्या साहेबांनी सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितलं की नुसत्या पंख्यावर हा कारखाना आणखी दोनेक हिवाळे काढेल, पुढे टाळं. म्हणून आपण हीटर आणणार, मिक्सर आणणार, इस्त्री आणणार. आपण बनवणार नाही, बाहेरून तयार घेणार, पाटी आपली लावणार. कुणाचीही नोकरी जाणार नाही.

आणि गेलीही नाही. उलट माणसं वाढली. पगार वाढले. हिवाळ्यात घरी बसणाऱ्यांना पॅकिंगमध्ये काम मिळालं. ताईंच्या नवऱ्यानं दुसरं मशीन घेतलं ते त्याच वर्षी. तेव्हा या धंद्याला शिव्या देणाऱ्यांनी आधी आपल्या घरातल्या वस्तू मोजाव्यात, एवढंच म्हणेन.

पण घरात नवीन पाहुणे आले की घराची वागणूक बदलते, तसं झालं. ताई जिथे बसून तक्रारींचे फोन घ्यायच्या ती खिडकी गेली आणि तिथे काचेची खोली आली. ताईंच्या कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, हाताखाली सहा मुली. प्रत्येक फोन रेकॉर्ड. ताईंच्या हुद्द्याचं नाव एवढं लांब झालं की ते त्यांना शेवटपर्यंत सलग म्हणता आलं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागलं, ‘आपण एक कुटुंब आहोत’. कुटुंबात असं कुणी भिंतीवर लिहून ठेवतं का हो? मामांनी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा विचारलं होतं, “कुणाला शंका होती?”

मग ट्रेनिंगवाल्या मॅडम आल्या. हसऱ्या, नीटनेटक्या, वाईट मुळीच नव्हत्या. त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं की ‘माफ करा’ हे शब्द आजपासून बंद. माफी मागणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि चूक कबूल केली की उद्या गिऱ्हाईक कोर्टात तेच दाखवणार, असं कंपनीच्या वकिलांचं म्हणणं. पंख्याचं ठीक होतं, आता वस्तू दहा तऱ्हेच्या आणि बनवणारे कुठले कोण. माफीच्या जागी म्हणायचं, ‘आपल्या गैरसोयीची आम्ही नोंद घेतली आहे.’ ताईंनी विचारलं, आणि गिऱ्हाइकानं विचारलं की कुणी बनवलं, तर? मॅडम म्हणाल्या, असं कुणी विचारत नाही.

विचारत होते. वर्षानुवर्षांची सवय होती गिऱ्हाइकांची. याच कंपनीचा पंखा बापाच्या काळापासून घरात फिरतोय, तो बिघडला तेव्हा एक माणूस फोनवर आला होता हे त्यांना आठवत होतं. आता मिक्सर बिघडला तर तो माणूस कुठाय? मुली बिचाऱ्या नोंद घेत राहायच्या आणि शिव्या खात राहायच्या.

एक दिवस एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मिक्सरवरून आकाशपाताळ एक केलं. ताईंनी स्वतः फोन घेतला आणि शिकवलेलं वाक्य म्हटलं. ते गृहस्थ कडाडले, पोपट नको, माणूस द्या. नेमके त्याच वेळी काचेपलीकडून मामा पाणी प्यायला चालले होते. ताई उठल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, “चला.”

मामा निम्म्या वाटेत थबकले. म्हणाले, “ताई, मिक्सर मी कधी उघडूनसुद्धा पाहिलेला नाही.”

“पाटी कुणाची आहे वर?” ताईंनी विचारलं.

मामांनी विचार केला. पाटी आपलीच होती. मामा आत आले, फोन घेतला आणि म्हणाले, “मी बनवला होता. माफ करा. काय झालं ते सांगा.” म्हातारबाबा क्षणात निवळले. पुढे तर त्यांनी मामांना स्वतःच्या गुडघेदुखीचं सगळं सांगितलं.

आता या गोष्टीला खोटं म्हणायचं की नाही, हा प्रश्न मला कुणी विचारू नये. त्या दोघांच्या डोक्यात ते खोटं आलंच नाही. घरातल्या कुणी शेजाऱ्याची काच फोडली तर दार उघडणारा माफी मागतो, तो काय विचारत बसतो कुणी फोडली म्हणून? पण जिथे घर कुठे संपतं आणि बाजार कुठे सुरू होतो हेच ठरलेलं नाही, तिथे हे कसं अंगाशी येईल, ते कुणालाही दिसलं नाही.

मग ते नेहमीचंच झालं. फारच तापलेलं गिऱ्हाईक असलं की ताई काचेचं दार उघडायच्या. कधी दुसरा कुणी यायचा, पण बहुतेक मामा. मामा इस्त्रीची माफी मागायचे, मिक्सरची मागायचे, आणि एकदा माफी मागितली की त्यांना चैन पडायची नाही. परत आलेली वस्तू स्वतः उघडून बसायचे, जमेल तेवढी दुरुस्त करून पाठवायचे. इकडे तक्रारींचा आकडा झरझर खाली आला. वर्षाच्या सभेत धाकट्या साहेबांनी ताईंना स्टेजवर बोलावून काचेची ढाल दिली. तक्रारी कमी कशा झाल्या, ते कुणी विचारलं नाही. आकडा गोड होता ना, मग कशाला?

आणि मग हीटरचा फोन आला.

फोन एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंचा होता. त्या ओरडल्या नाहीत. अगदी शांतपणे सांगितलं की हीटरचा प्लग काढायला गेले तर तो वितळला होता, हात चिकटला, उजवा हात भाजला, डॉक्टर म्हणतात बरा होईल पण वेळ लागेल. असा फोन सरळ वकिलांच्या खात्याकडे द्यायचा, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. बटणही समोर होतं. पण त्या बाईंनी विचारलं, “कुणी बनवला हो हा?” राग नव्हता त्यात. जाणून घ्यायचं होतं नुसतं. बटण दाबायचं ताईंच्या जिवावर आलं. त्या उठल्या आणि मामांना घेऊन आल्या. दाराशी त्यांना हळूच सांगितलं, बाईंचा हात भाजलाय, जरा सांभाळून बोला.

मामांचा चेहरा उतरला. फोन दोन्ही हातांनी घेतला. मग नेहमीचंच बोलले, पण आवाज त्यांचा राहिला नव्हता. “मी बनवला होता. माफ करा बाई. हात दाखवलात ना डॉक्टरांना?” पुढे बाई काय बोलल्या ते ताईंना ऐकू आलं नाही, पण मामा नुसते हं, हं, करत होते आणि डोळे पुसत होते. त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी मामा आपल्या फोनवरून त्यांची चौकशी करायचे. हात कसा आहे, पट्टी कधी निघणार. बाईही सांगायच्या.

कंपनीत अधूनमधून वकिलांच्या खात्यातली माणसं रेकॉर्ड झालेले फोन ऐकायची. त्यात हा सापडला. कंपनीचा माणूस कंपनीच्या फोनवर सांगतोय की हीटर मी बनवला, चूक माझी. वकिलांची पाचावर धारण बसली. हीटर बनवणारे बाहेरचे, ते लगेच हात वर करून मोकळे होणार, तुमचाच माणूस कबूल करतोय म्हणणार. मग घाईघाईनं त्या बाईंना एक पत्र गेलं. आपणाशी बोललेल्या इसमाचा सदर वस्तूच्या निर्मितीशी काहीही संबंध नाही, त्याने आपली दिशाभूल केली आहे, त्याच्यावर कारवाई करण्यात येत आहे. आठवडाभरात बाईंची कोर्टाची नोटीस कंपनीत येऊन थडकली. बघा, आम्ही म्हणत होतो ना, असं वकील म्हणाले.

धाकट्या साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं आणि दार स्वतः लावून घेतलं. ताईंनी त्यांना चड्डीत शेडभर पळताना पाहिलेलं. त्यांच्या खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावलेली. साहेबांच्या चेहऱ्यावर जागरण दिसत होतं.

ते म्हणाले, “ताई, मामांना तुम्ही बोलावलंत हे मला माहीत आहे. ते मला सांगू नका. तुम्ही सांगितलंत की ही आपली पद्धत ठरते, मग आजवरची प्रत्येक माफी कंपनीची होते. प्रत्येक मिक्सर, प्रत्येक इस्त्री. एवढं झेपणार नाही आपल्याला. एका माणसानं आपल्या मनानं केलं, तर तो एका माणसाचा प्रश्न राहतो.”

“मामांचं काय मग?” ताईंनी विचारलं.

“त्यांचा सगळा हिशेब मी पूर्ण देईन. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती, त्यांचाही पगार देईन. पण कामावरून काढल्याचं पत्र द्यावं लागेल, आणि कारण लिहावं लागेल.”

टेबलावर जबाब टाइप करून ठेवलेला होता. त्यात लिहिलं होतं की मामा परस्पर फोनवर येत, आपल्याला याची कल्पना नव्हती. ताईंनी खोलीतल्या त्या सहा मुलींचा विचार केला, पॅकिंगमधल्या बायकांचा केला, आपल्या घरातल्या दुसऱ्या मशीनचाही केला, खोटं कशाला बोला. आणि सही केली. साहेब “उपकार झाले ताई” असं काहीतरी म्हणाले. ताई बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि पुढचा फोन घेतला.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बाही जोडत होता. ऐकून घेतलं आणि विचारलं, “मामांना तूच बोलावलं होतंस ना?” ताई म्हणाल्या, हो. मशीन थांबलं होतं ते थांबलेलंच राहिलं, आणि जेवताना दोघांनी शेजारच्यांच्या लग्नाच्या गप्पा मारल्या.

मामांना पत्र मिळालं. वाइंडिंगमधल्या माणसांना खरं काय ते ठाऊक होतं, पण सगळे मूग गिळून बसले. कुणी निरोपाचा चहा केला नाही, कारण ‘दिशाभूल’ म्हणून काढलेल्या माणसाला निरोप द्यायचा कसा? ताई गेटपाशी जाऊन थांबल्या. मामा पिशवी घेऊन आले. त्या काही बोलायच्या आतच मामा म्हणाले, नोकरीचं मला वाईट वाटत नाही ताई, हात थरथरायला लागले होते तसेही. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“एक काम करा. त्या चित्रकलेच्या बाईंकडे जा. मी फोन केला तर उचलत नाहीत. त्यांना वाटत असेल मी त्यांना गंडवलं. गोड बोलून वेळ मारून नेली, असं वाटत असेल. तसं नव्हतं एवढं सांगा. बाकी कुणाला काही वाटू दे.”

ताई म्हणाल्या, सांगते. सहीबद्दल त्या बोलल्या नाहीत. मामांना ती ठाऊक होती की नाही, हेही त्यांनी विचारलं नाही.

जायला त्यांनी बरेच दिवस लावले. आज पाहुणे, उद्या अंगात कणकण. शेवटी एका रविवारी सकाळी नवऱ्यानं त्यांची चप्पल दाराबाहेर काढून सरळ करून ठेवली. ताई निघाल्या.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. दार त्यांनी डाव्या हातानं उघडलं. उजव्या हाताची पट्टी निघाली होती, पण कातडी अजून लाल आणि ताणलेली दिसत होती. टेबलावर मुलांच्या चित्रांचे कागद पसरलेले होते. ताईंनी कंपनीचं नाव सांगितलं तेव्हा बाईंनी दार लावून घेतलं नाही, पण ‘बसा’ही म्हटलं नाही.

ताईंनी उभ्या उभ्याच सांगायला घेतलं. की ते मामा वाईट माणूस नाहीत, त्यांनी तुम्हाला फसवलं नाही, आमच्याकडे जुनी पद्धत अशी अशी होती. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मी कोर्टात जाणार नव्हते.”

ताईंना कळेना.

“भाऊ म्हणत होता जा म्हणून. मी म्हटलं, नको. त्या माणसानं माफी मागितली, सारखा विचारतोय बिचारा, आणखी काय हवंय? हात काय, होईल बरा. मग तुमचं पत्र आलं, की तो कुणीच नव्हता.” बाईंनी भाजलेल्या हाताची बोटं हळूहळू मिटली आणि उघडली. “मला एवढंच सांगा, मग माझी माफी मागितली कुणी?”

ताईंच्या तोंडात शिकवलेली वाक्यं होती, जुनीही होती, पण यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. बटण समोर होतं ते. मामांना दारातून आपण बोलावलं ते. मामांनी आपल्या मनानं काहीच केलं नव्हतं ते. आणि मला काही माहीत नव्हतं अशी सही आपण केली, तेही. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. बाईंनी पाणी आणून दिलं, पण समजूत घातली नाही.

“त्यांना माहीत आहे सहीचं?” बाईंनी विचारलं.

“मी सांगितलेलं नाही.”

बाईंनी टेबलावरचा आपला फोन उचलला, डाव्या अंगठ्यानं मामांचा नंबर काढला आणि फोन ताईंपुढे धरला. “लावा. इथेच, माझ्यासमोर.”

उभ्या आयुष्यात ताईंनी शेकडो माणसांच्या हातात फोन दिला होता. कुणाचा घसा कोरडा पडलेला, कुणाचे कान लाल झालेले, त्या शेजारी उभ्या राहून बघायच्या, आणि मनातल्या मनात म्हणायच्या, एवढं काय त्यात, दोन शब्द तर म्हणायचेत. स्वतः ते दोन शब्द त्यांना एकदाही म्हणावे लागले नव्हते. पंखे बनवणारे दुसरे होते ना. आता पलीकडे रिंग वाजत होती आणि ताई भिंतीपाशी सरकल्या.

मामांनी फोन उचलला. नंबर त्या बाईंचा, म्हणून घाईनं म्हणाले, “बोला, बोला बाई.”

“मामा, मी आहे. ताई. तुम्ही परस्पर फोनवर यायचात, मला माहीत नव्हतं, असं लिहून दिलंय मी. सही माझी आहे. तुम्हाला मी बोलावलं होतं. माफ करा मामा. उद्या साहेबांकडे जाऊन जबाब मागे घेते.”

मामांच्या घरात कुठेतरी नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला. ताई थांबल्या. ‘असू दे, ताई’ एवढं ऐकायला आपण थांबलोय, हे त्यांना माहीत होतं. फोन त्यांनी कानाला अजून घट्ट दाबून धरला.

“त्या बाई आहेत का तिथे?” मामांनी विचारलं.

“आहेत.”

“मी गंडवलं नव्हतं, हे सांगितलंत त्यांना?”

“सांगितलं, मामा.”

“त्यांना द्या जरा फोन.”

ताईंनी फोन दिला. बाई खिडकीपाशी जाऊन बोलायला लागल्या. हो, पट्टी निघाली. नाही, पेन्सिल धरता येते, ब्रश अजून नाही. डॉक्टर म्हणाले हळूहळू येईल. तुम्ही कसे आहात? मधेच त्या हसल्यासुद्धा एकदा. ताई भिंतीपाशी तशाच उभ्या होत्या, हात जरासा पुढे करून, फोन परत आपल्याकडे येईल म्हणून. बाईंचं बोलणं संपलं, त्यांनी फोन बंद केला आणि मुलांच्या चित्रांवर ठेवून दिला.